निळ्या बुचाच्या बाटलीतला वास

“डोळे बांधलेत, आता तोंडही बांधू का?” असं मी ओरडले तेव्हा कुठे वर्ग गप्प झाला.

माझा आवाज मोठा. शेजारच्या वर्गातल्या पोरांनाही माझं विज्ञान फुकटात ऐकू जायचं आणि गणिताचे सर त्याबद्दल माझ्याकडे रागानं बघायचे. शाळा मानोऱ्याची, वर्ग नववीचा, सन त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर, थंडी सरत आलेली. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता. आम्ही अकोला जिल्ह्यातले. धडा चालू होता ज्ञानेंद्रियांचा. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा. पुस्तकात डोळ्याला आकृतीसकट भरपूर जागा आणि नाकाला चार ओळी. मला ते पटलं नव्हतं. म्हणून मी टेबलावर छोट्या छोट्या बाटल्या मांडल्या आणि एकेकाला पुढे बोलावून, डोळ्यांवर रुमाल बांधून, वास ओळखायला लावत होते. कांदा, हिंग, रॉकेल, लिंबाचा पाला. आणि निळ्या बुचाच्या बाटलीत असिटोन.

असिटोन म्हणजे पाण्यासारखा दिसणारा, उघडा ठेवला की उडून जाणारा द्रव. प्रयोगशाळेत काचेचं सामान धुतल्यावर लवकर सुकावं म्हणून वापरतात. नखांचा रंग पुसायच्या औषधात तो असतो, पण तेव्हा मानोऱ्यात नखं रंगवतंय कोण? हा वास कोणाच्याच ओळखीचा नसणार, हे मला माहीत होतं. मुद्दामच ठेवला होता. नाक फक्त वास पोचवतं, त्याला नाव देतो मेंदू. मेंदूची त्या वासाशी आधी गाठच पडली नसेल तर तो बिचारा काय सांगणार? हे मुलांना दाखवायचं होतं.

झालंही तसंच. एक म्हणाला “दवाखाना”, एक म्हणाली “नासलेलं केळं”, एका शहाण्यानं “हेडसरांच्या केसांचं तेल” म्हणून हशा मिळवला. त्याला मी बाकावर उभा केला आणि विशाखाला बोलावलं.

विशाखा इंझोरीहून एसटीनं यायची. उंच, किडकिडीत, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिनं बाटली नाकाशी धरली आणि क्षणभरही न थांबता म्हणाली, “बाई, हा आमच्या मायाच्या तोंडाचा वास आहे.”

वर्ग खो खो हसला. माया म्हणजे तिची धाकटी बहीण, इंझोरीच्या शाळेत चौथीला. मलाही वाटलं, ही गरीब गाय आज टवाळी करायला लागली की काय. पण ती हसत नव्हती. तिनं डोळ्यांवरचा रुमाल काढला, बाटलीकडे बघितलं, पुन्हा हुंगलं आणि म्हणाली, “खरंच बाई. हाच आहे. मी शाळेतून घरी गेली का येते. मायले म्हटलं तर ते म्हणते, मले नाही येत काही वास.”

हेही बरोबरच होतं. नाक लवकर कंटाळतं. एकाच वासात सतत राहिलं की ते मेंदूला सांगायचंच सोडून देतं. गोठ्यात राबणाऱ्याला शेणाचा वास येत नाही तो यामुळेच. आई दिवसभर मायाजवळ होती, तिचं नाक थकलेलं. विशाखा दिवसभर बाहेर राहून संध्याकाळी ताज्या नाकानं घरात शिरत होती.

माझं हसू मात्र आटलं होतं. मी वर्गाला वहीत नाकाची आकृती काढायला लावली आणि विशाखाला व्हरांड्यात नेलं.

“माया आजारी आहे का?”

“आजारी नाही, वाळून राह्यली. फ्रॉक लोंबते तिचा.”

“पाणी पिते?”

“लय पिते. रांजण तिच्याच पायी रिकामा होते.”

“आणि लघवीला?”

ती लाजली. मी डोळे वटारले तेव्हा हळूच म्हणाली, “सारखी जाते. दोन-तीन खेपा अंथरुणातच झाली. चौथीतली पोरगी, माय मारे तिले.”

“कधीपासून?”

“हरभऱ्याले घाटे आले तवापासून. आता तर शाळेतबी नाही जात. निजूनच राह्यते.”

म्हणजे महिना-दीड महिना होऊन गेला होता. अमरावतीला बी.एस्सी.ला शिकलेलं एक पान डोळ्यांपुढे उभं राहिलं. विशाखाला मी ते त्याच व्हरांड्यात सांगितलं, तसंच इथे सांगते.

आपल्या पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ग्रंथी म्हणजे शरीरातला रस तयार करणारा अवयव. काही ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात. त्या रसाला हार्मोन म्हणायचं, पुस्तकात संप्रेरक. थेंबभर असतो, पण रक्ताबरोबर अंगभर फिरतो आणि दूरच्या अवयवांना कामाला लावतो. स्वादुपिंडाचं हार्मोन म्हणजे इन्सुलिन. त्याचं काम एवढंच की, रक्तातली साखर पेशींच्या आत जाऊ द्यायची. इन्सुलिन संपलं तर साखर रक्तातच साठते. म्हणजे घरात कणगी जोंधळ्यानं भरलेली, पण तिचं झाकण उघडणारं कोणी नाही, घर उपाशी. ती जास्तीची साखर मग लघवीवाटे जाते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान. आणि उपाशी शरीर चूल पेटवायला घराचे वासेच काढून जाळायला लागतं, म्हणजे अंगातली चरबी. त्या जळण्याचा जो धूर, त्यातच हे असिटोन असतं. ते श्वासातून बाहेर येतं.

“मंग आता?” विशाखानं विचारलं.

“आता तुझ्या घरी जायचं. दप्तर घे.”

हेडसर खोलीत हजेरीपटावर सह्या करत होते. शिस्तीचे गृहस्थ, वाईट नव्हते, पण शाळेत काही वेगळं घडलं की त्यांना आम्लपित्त व्हायचं.

“सर, अर्धी रजा हवी. इंझोरीला जायचंय.”

“आत्ता? पोर्शन किती राहिलाय बाई?”

“नाक झालं. जीभ राहिली.”

“काम काय आहे?”

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “बाई, तुम्ही शिक्षिका आहात. डॉक्टरकी करू नका. उद्या काही बरंवाईट झालं तर नाव शाळेचं येईल.”

“म्हणूनच आधी तपासणार आहे. एक परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टचं द्रावण नेते.”

“त्यात काय तपासणार?”

“लघवी.”

हेडसरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “शाळेच्या परीक्षानळीत? त्याच नळीत उद्या मुलं प्रयोग करतील?”

“धुऊन आणीन, सर.”

“नको,” ते म्हणाले. “न्या. पण ती नळी परत आणू नका.”

ही परवानगीच समजून मी निघाले.

विशाखाचं घर इंझोरीच्या बौद्धवस्तीत. वडील शामराव, स्वतःची थोडी शेती करणारे. अंगणात कापसाचं गाठोडं सोडून बसले होते. मला बघून उठले, डोक्याची टोपी सारखी केली. “या बाई. पोरीनं काही केलं काय?”

“पोरीनं चांगलंच केलंय. माया कुठे आहे?”

माया बाजेवर गोधडी घेऊन पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकून पांढरे, श्वास मात्र पळून आल्यासारखा खोल खोल. हाक मारली की डोळे उघडायची आणि लगेच मिटायची. मी तिच्यावर वाकले. निळ्या बुचाची बाटलीच कोणीतरी उघडून ठेवल्यासारखं वाटलं. उशाशी पाण्याचा पेला आणि त्याच्या शेजारी पत्र्याचा डबा. ग्लुकोजची पावडर.

“हे कशाला?” मी विचारलं.

शामरावांनी मोठ्या विश्वासानं डबा हातात घेतला. “ताकदीसाठी. मंगरूळच्या मेडिकलातून आनला. घंट्या-घंट्यानं पाजून राह्यलो. गावातले म्हनत होते, बाहेरचं हाय, अंगारा लावा, उतारा टाका. मी म्हटलं, आमी ते छप्पन सालीच सोडलं. आता अंगारा नाही का धुपारा नाही. जे काय करन ते सायन्सनं करन. उद्या मंगरूळले नेऊन ग्लुकोजची बाटलीच लावतो.”

मी डोक्याला हात लावला. उतारा टाकणारा माणूस असता तर मी त्याला फैलावर घेतलं असतं, तोंड माझं तयारच असतं. पण ह्या माणसाला काय बोलू? तो माझ्याच बाजूचा. सगळं गाव एकीकडे बोलत असताना ह्यानं पोरीच्या कपाळाला राख लावू दिली नव्हती, आणि त्याच हातानं तिला घोटाघोटानं साखर पाजत होता. बापाची माया होती ती, आणि पोरगी त्यानंच खालावत चालली होती. मला त्यांचा राग आला नाही, भडभडून आलं.

“शामरावभाऊ, हे ग्लुकोज आत्ता बंद करा.”

“काहून?”

“ग्लुकोज म्हणजे साखर. आणि मला शंका आहे की साखरेनंच तिचा घात होतोय.”

“पन सायन्सच न हे, बाई?”

“सायन्सच आहे. पण सायन्समध्ये आधी तपासतात, मग देतात.”

त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाले, “मंग तपासा.”

आई, वत्सलाबाई, मायाला धरून बाहेर घेऊन गेल्या. मी ओसरीवर दिवा पेटवला. बेनेडिक्टचं द्रावण निळंशार असतं. त्यात तपासायच्या वस्तूचे थोडे थेंब टाकून तापवायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. असेल तर आधी हिरवं, मग पिवळं, नारिंगी आणि खूपच साखर असेल तर विटेसारखं लाल. वर्गात आम्ही ते द्राक्षाच्या रसावर करतो.

मायाच्या लघवीचे थेंब पडले, नळी दिव्यावर धरली. हिरव्या-पिवळ्याला तिनं वेळच दिला नाही. बघता बघता विटकरी झाली, तळाशी गाळ बसला.

वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला. शामराव नळीच्या जवळ सरकले. मग त्यांनी विचारलं, “बाई, हे कोनाचीबी टाकली तरी लालच होत असन तर?”

मी इतकी वर्षं शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न मला कधी कोणत्या विद्यार्थ्यानं विचारला नाही. मी म्हणाले, “होत असेल. तपासल्याशिवाय कसं कळणार?”

“मंग माही पाहा.”

ते उठून मागं गेले आणि वाटी घेऊन आले. मी नळी धुतली, नवं द्रावण घेतलं, थेंब टाकले, तापवलं. निळं राहिलं. आणखी तापवलं. निळंच. शामराव गुडघ्यावर हात टेकून खाली वाकून बघत होते. मग त्यांनी ग्लुकोजच्या डब्याचं झाकण गच्च लावलं आणि डबा वरच्या फळीवर दूर सरकवला.

“चाला,” ते म्हणाले. “कुठं न्या लागते?”

पुढची एसटी संध्याकाळची होती. शामरावांनी सडकेवर उभं राहून मंगरूळला निघालेला कापसाचा ट्रक थांबवला. केबिनमध्ये मायाला मांडीवर घेऊन ते, शेजारी मी. विशाखा आईजवळ थांबली. वाटेत पोरगी झोपू नये म्हणून मी तिला काहीबाही विचारत होते. तुझ्या वर्गात किती पोरं, तुला शिकवायला कोण. आधी उत्तरं यायची. मंगरूळ जवळ आलं तसं ती नुसती मान हलवायला लागली. मग तेही बंद झालं. शामराव तिचे तळपाय चोळत होते आणि एकच वाक्य म्हणत होते, “आलं बरं का बेटा, मंगरूळ आलं.” मी तिच्या नाकाशी हात धरून श्वास बघत राहिले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी लाल झालेल्या नळीचं सांगितलं. त्यांनी मायाच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि नर्सला हाका मारायला सुरुवात केली. हात चालवता चालवताच त्यांनी विचारलं, “डायबेटिस आहे हे कोणी ओळखलं?”

“हिच्या बहिणीनं,” मी म्हणाले. “नाकानं.”

“ग्लुकोजची बाटली कुठे लावली नाही ना?”

“उद्या लावणार होतो,” शामराव म्हणाले.

डॉक्टरांनी मायाच्या हाताची शीर शोधली. त्यांनी सलाइन लावलं, पण मिठाच्या पाण्याचं, साखरेचं नव्हे. इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं आणि दवाखान्याच्या जीपमधून बापलेकीला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात रवाना केलं. जीप वळणाआड गेली आणि मला आठवलं की दिवा आणि नळी अजून माझ्या पिशवीतच आहेत.

माया वाचली. सुट्टीच्या दिवशी मी अकोल्याला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर बसून होती आणि तिला भूक लागली होती. वत्सलाबाई मला काही बोलल्या नाहीत, माझा हात धरून बसल्या, सोडेचनात. मीही सोडवून घेतला नाही.

खरी अडचण पुढे होती. डॉक्टरांनी शामरावांना समजावून सांगितलं: हिचं स्वादुपिंड आता इन्सुलिन करणार नाही, ते बाहेरून द्यावं लागेल, सुईनं, रोज. तेव्हा इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. जनावराचं हार्मोन माणसाला चालतं, ही गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते.

“किती दिवस द्या लागन?” शामरावांनी विचारलं.

“जन्मभर.”

त्यांनी टेबलावरची सुई निरखून बघितली. मग म्हणाले, “मंग शिकून घ्या लागन.”

त्यांनी प्रयत्न केला, पण औतावर न थकणारा हात सुई कातडीशी नेली की मागे यायचा. वत्सलाबाई म्हणाल्या, मारलं तेवढं पुरे झालं, आता टोचू कशी? शेवटी विशाखा पुढे आली. शाळा सुटल्यावर आमच्या प्रयोगशाळेत बसून ती संत्र्यावर सराव करायची. काचेची पिचकारी आणि सुई पाण्यात उकळायची, औषध ओढायचं, हवेचा बुडबुडा काढायचा, संत्र्याच्या सालीत टोचायचं. एक संत्रं संपलं की दुसरं. हेडसर एकदा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता संत्र्यावरून काही तरी काढतील. ते म्हणाले, “पोरीनं संत्र्याला पाणी पाजून पाजून गोड करून टाकलं असेल,” आणि निघून गेले. त्या माणसाचा तो एकमेव विनोद मी ऐकलेला आहे.

दुसरी अडचण उन्हाची. इन्सुलिन उष्णतेनं खराब होतं. इंझोरीत कोणाकडे फ्रीज असणार? मंगरूळच्या मेडिकलवाल्याकडे एक होता. जास्तीच्या बाटल्या त्यानं आपल्याकडे ठेवून घेतल्या, घरी एका वेळी एकच. तिच्यासाठी शामरावांनी मोठ्या माठात ओली रेती भरली, रेतीत लहान मडकं बसवलं, मडक्यात डबी, डबीत औषध, वर ओलं फडकं. रेतीतलं पाणी उडून जाताना उष्णता ओढून नेतं, हे मी वर्गात शिकवते. शामरावांनी ते बाटलीला हात लावून तपासून घेतलं. आता ते काहीही तपासल्याशिवाय मानत नव्हते. माझ्याही म्हणण्याला त्यातून सूट नव्हती.

बेनेडिक्टची एक बाटली आणि ती परत आणायची नसलेली नळी मी त्यांच्याच घरी नेऊन दिली. रोज सकाळी चुलीवर मायाची परीक्षा व्हायची. निळं-हिरवं आलं की पोरगी टाळ्या वाजवायची. आणि वरच्या फळीवरचा ग्लुकोजचा डबाही खाली आला. इन्सुलिन कधी जास्त झालं तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. तेव्हा तेच ग्लुकोज पाजावं लागतं. शामराव म्हणायचे, “डब्याचा कसूर नोहता, बाई. येळ चुकली होती.”

पुढे विशाखा अमरावतीला कॉलेजात गेली. जाण्याआधी तिनं मायाच्या हातात पिचकारी दिली आणि एक संत्रं.

माया इंझोरीची शाळा संपवून माझ्याच वर्गात आली, नववीत. अंगानं भरलेली, बडबडी, पुढच्या बाकावर बसणारी. धडा ज्ञानेंद्रियांचा आला. पुस्तक एव्हाना बदललं होतं, नाकाच्या ओळी मात्र वाढल्या नव्हत्या. मी नेहमीसारख्या बाटल्या मांडल्या. तिची पाळी आली. रुमाल बांधला. कांदा ओळखला, हिंग ओळखलं, रॉकेलला नाक मुरडलं. मग मी तिच्या हातात निळ्या बुचाची बाटली दिली. बूच मीच काढून दिलं.

तिनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. कपाळाला आठ्या घातल्या आणि विचार केला.

“बाई, हे नाही येत मले. असा वास मी कधी घेतलाच नाही.”

मी तिला त्या बाटलीचा शून्य गुण दिला. सगळ्या नोकरीत एवढ्या आनंदानं शून्य मी कोणाला दिलेला नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दरवर्षी पोर्शन मागे पडला, हेडसर बदलले, नवे हेडसरही बोलले, पण ती बाटली टेबलावरून मी काढली नाही. कोणत्या पोराच्या घरी कसला वास येतो, ते काही अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं.